शाअर हारहमीम : मुंबईतील पहिले सिनॅगॉग

मुंबईच्या मांडवी भागात, मशीद रेल्वेस्थानकाजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर असलेले बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर. स्थापना १७९६. शहरातील ज्यू प्रार्थनामंदिरांत हे सर्वांत जुने होय. ‘शाअर हारहमीम’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. परंतु हे नाव ग्रंथांत व कागदपत्रांतच अधिक वावरले. लोकांच्या तोंडी दीर्घकाळ राहिले ते ‘जुनी मशीद’ हे नाव. ज्यूंच्या प्रार्थनास्थळास मशीद म्हटले जावे, हा वरवर पाहता घोटाळा वाटतो. प्रत्यक्षात त्यात या समाजाचा कोकणातील व मुंबईतील बराचसा इतिहास साठलेला आहे.

सिनॅगॉग हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘सभा’, ‘एकत्र जमणे’ असा आहे. हिब्रूतील ‘बेथ हाकनेसेथ’ म्हणजे सभेचे घर, हा शब्दही त्याच अर्थाचा. जेरुसलेम येथील मंदिराचा इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने विध्वंस केल्यानंतर ज्यूंची यज्ञबलीची उपासना थांबली आणि पठण, प्रार्थना व धर्मग्रंथाचे वाचन यांस केंद्रस्थान मिळाले. सिनॅगॉगमध्ये मूर्ती नसते, गाभारा नसतो, नैवेद्य नसतो. म्हणून ‘मंदिर’ हा शब्द त्यास पूर्णतः लागू पडत नाही, आणि मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नव्हता. मुंबईकरांनी, व स्वतः बेने इस्राएलांनीही, जवळचा शब्द म्हणून ‘मशीद’ उचलला. पुण्यात डेव्हिड ससूनच्या पुढाकाराने उभारलेल्या व १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या तांबड्या विटांच्या ओहेल डेव्हिड सिनॅगॉगला मात्र लोकांनी ‘लाल देवळ’ म्हटले. एकाच धर्माची दोन प्रार्थनास्थळे, एक मशीद आणि दुसरे देऊळ. शेजाऱ्यांना जी उपासना ठाऊक होती तिच्या शब्दांत त्यांनी अपरिचित उपासनेची ओळख करून घेतली, आणि त्या नावांनी कोणाचा अवमान झाला असे कोणास वाटले नाही.

बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलची संतती’, हा समाज कुलाबा (सांप्रत रायगड) जिल्ह्याच्या किनारपट्टीत शतकानुशतके राहत आला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज असलेले गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढी वाचली. बुडालेल्यांची प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. ही घटना केव्हा घडली याविषयी मतभेद आहेत. ख्रिस्तपूर्व काळापासून ते मध्ययुगापर्यंत निरनिराळे तर्क मांडले गेले असले, तरी त्यांपैकी कोणताही निर्णायक मानता येत नाही. एवढे मात्र निश्चित की धर्मग्रंथ हाताशी नसताना या लोकांनी काही आचार जपले : मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारी कामधंदा वर्ज्य, आहारातील विधिनिषेध आणि ईश्वराच्या एकत्वाची घोषणा करणारे ‘शेमा’ हे वचन. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. गावावरून आडनाव घेण्याची कोकणी रीतही त्यांनी उचलली. किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आढळतात. बायबलमधील व्यक्तिनामेही मराठी वळणाची झाली : अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बन्नाजी. सॅम्युअल व इझिकेल यांचे समाजी आणि हसाजी झाले.

डेव्हिड राहाबी नावाच्या एका विद्वान ज्यूने या लोकांची ओळख पटवून त्यांना धर्माचे शिक्षण दिले आणि तीन कुटुंबांतील व्यक्तींना काजीपद दिले, अशी परंपरा सांगितली जाते. हे काजी गावोगाव फिरून विवाह, सुंता इ. विधी करीत व तंटे मिटवीत. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोकणात एकही सिनॅगॉग नव्हते. उपासना घरात होई. एखाद्या गावी दोन-चारच कुटुंबे असत, आणि ज्यू धर्मशास्त्रानुसार सामूहिक प्रार्थनेसाठी निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. हिब्रू वाचू शकणारेही दुर्मिळ होते. अशा विखुरलेल्या वस्तीत इमारतीची गरज व ऐपत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

दोन्ही गोष्टी मुंबईत आल्या. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात त्यांना मोठ्या संख्येने प्रवेश मिळाला व त्यांच्यातील अनेक जण देशी अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांपर्यंत चढले. समाजी हसाजी दिवेकर (सॅम्युअल इझिकेल दिवेकर) हा अशांपैकीच एक. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. पुढील कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात विचारण्यात आली तेव्हा समाजीने आपण ‘बेने इस्राएल’ असल्याचे सांगितले. कुराणात ‘बनी इस्राईल’ हा उल्लेख वारंवार येतो. ते नाव ऐकून टिपूच्या मातेने, ज्यांचे नाव पवित्र ग्रंथात आहे असे लोक आपण कधी पाहिलेले नाहीत, त्यांना जीवदान द्यावे, असा शब्द टाकला व कैद्यांचे प्राण वाचले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस समाजीने केला होता, असे सांगतात.

या कथेचे तपशील इतिहासाच्या कसोटीवर तपासणे कठीण आहे. समाजीचे लष्करातील स्थान, त्याचा बंदिवास, सुटका व सिनॅगॉगची स्थापना हा सांगाडा मान्य झालेला आहे; संवादाचा भाग परंपरेचा मानावा. तथापि समाजाने स्वतःविषयी काय लक्षात ठेवले, या दृष्टीने ही कथा मोलाची वाटते. एका ज्यू शिपायाचे प्राण एका मुसलमान राणीने कुराणाच्या आधारे वाचविले, ही आठवण मुंबईतील पहिल्या सिनॅगॉगच्या पायाशी आहे. ‘दयेचे द्वार’ या नावाचा अर्थही परंपरेने त्या प्रसंगाशी जोडला आहे.

बंदिवासाच्या व त्यानंतरच्या काळात समाजीचा कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला. कोचीन येथे १५६८ मध्ये बांधलेले परदेशी सिनॅगॉग होते. तेथील लोकांना हिब्रू व धर्मविधी अवगत होते. मुंबईच्या नव्या मंदिरासाठी ‘सेफेर तोरा’ आणण्याच्या हेतूने समाजी कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तेथेच मृत्यू पावला. सेफेर तोरा म्हणजे चर्मपत्रावर प्रशिक्षित लेखकाने हाताने लिहिलेली, दोन दांड्यांना गुंडाळलेली मोझेसच्या पाच ग्रंथांची प्रत. तीत एका अक्षराचा दोष आढळला तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनास अयोग्य ठरते. अशी प्रत कोकणात मिळणे अशक्यच होते. मंदिर उभे राहिले, परंतु त्याचा कर्ता ग्रंथाच्या शोधात परमुलखात वारला. सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव त्याचे स्मारक होय. भोवतालच्या वस्तीस ‘इस्राएल मोहल्ला’ म्हणत. १८६० मध्ये हे सिनॅगॉग त्याच रस्त्यावरील विद्यमान जागी आले. दरम्यान १८४० च्या सुमारास समाजातील मतभेदांतून दुसरे सिनॅगॉग, शाअरे रासोन, डोंगरीच्या बाजूस निघाले होते. ते ‘नवी मशीद’ ठरल्यामुळे समाजीची मशीद आपोआप ‘जुनी’ झाली. मशीद बंदर व मशीद रेल्वेस्थानक या नावांचा उगम याच प्रार्थनास्थळात आहे, अशी समजूत रूढ आहे.

सिनॅगॉगच्या कारभारात कोकणच्या गावगाड्याची छाप स्पष्ट दिसे. प्रमुखास ‘मुकादम’ म्हणत, त्याच्या खालोखाल ‘चौगुला’ असे, खजिना ‘गब्बाई’कडे असे. प्रार्थना चालविणारा तो ‘हज्जान’ व मंदिराची देखभाल करणारा तो ‘शमाश’. मुकादम-चौगुला मराठी मुलखातले, गब्बाई-हज्जान-शमाश हिब्रू परंपरेतले, आणि काजी इस्लामी परिभाषेतला. असा हा एकाच संस्थेतील शब्दसंग्रह होता.

सणांच्या नावांतही हाच मेळ आहे. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपवासाचा दिवस, योम किप्पूर, हा ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी घराची दारे बंद करून बाहेरच्यांचा संपर्क टाळण्याची चाल होती. पुरीम हा ‘होळीचा सण’ झाला, कारण तो होळीच्या सुमारास येतो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा दुःखदिन ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई, तो त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्यावरून. यांखेरीज एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिजा याच्या नावे पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ करण्याची प्रथा बेने इस्राएलांखेरीज अन्य ज्यूंत आढळत नाही.

एकोणिसाव्या शतकात या समाजाच्या धर्मज्ञानात झालेली वाढ काहीशी अनपेक्षित मार्गाने झाली. कोचीनहून आलेल्या शिक्षकांप्रमाणेच मुंबईतील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचाही तीत वाटा होता. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराचा मिशनऱ्यांचा हेतू फारसा सफल झाला नाही. उलट त्यांनी शिकविलेल्या हिब्रूमुळे बेने इस्राएल आपल्याच धर्माच्या अधिक जवळ गेले. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाच्या ‘हग्गादा’ची मराठी आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली. १८७४ च्या पुण्याच्या सचित्र आवृत्तीत बेने इस्राएल स्त्रिया मराठी वेषात सणाची तयारी करताना दाखविल्या आहेत. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळेचा पाया घातला. १८९७ मध्ये लिहून पूर्ण झालेला त्यांचा समाजेतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला. बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने करण्याची प्रथाही १८८० च्या सुमारास सुरू झाली.

मुंबईत मूळ धरलेली ही संस्था नंतर कोकणात परतली. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) अशी सिनॅगॉग उभी राहिली. ठाण्याचे शाअर हाशामाईम १८७९ मधील आहे. गावातून शहरात स्थलांतरित झालेला समाज सहसा आपला देव बरोबर आणतो. येथे क्रम उलटा आहे : शहरात मिळविलेले सिनॅगॉग मूळ गावांकडे नेण्यात आले. बगदादी ज्यूंची मुंबईतील सिनॅगॉग वेगळ्या परंपरेची होत. भायखळ्याचे मागेन डेव्हिड डेव्हिड ससूनने १८६० नंतरच्या दशकात, तर फोर्ट भागातील केनेसेथ एलियाहू जेकब ससूनने १८८४ मध्ये बांधविले. ती भव्य व प्रसिद्ध आहेत. केनेसेथ एलियाहूचे जीर्णोद्धाराचे काम २०१९ मध्ये पूर्ण झाले. प्रवासी बहुधा तीच पाहून परततात. शाअर हारहमीम आकाराने साधे, घाऊक बाजाराच्या गर्दीत दडलेले असल्यामुळे मागे पडते, हे न्याय्य नाही.

विसाव्या शतकात बेने इस्राएल कुटुंबे मांडवी-उमरखाडीतून भायखळा, सात रस्ता आणि पुढे उपनगरांकडे सरकली. रेल्वे, टपाल, शुश्रूषा व कारकुनी यांतील नोकऱ्या आणि शहरातील जागेची टंचाई ही त्याची कारणे होत. कुर्ला पश्चिमेस त्यांचे प्रार्थनागृह निघाले. ठाण्यात मोठी वस्ती झाली. गोवंडीच्या वाट्यास असे प्रार्थनास्थळ आले नाही. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये शहरातील कचरा वाहून नेण्यासाठी टाकण्यात आला व १९२४ मध्ये तो प्रवाशांना खुला झाला. गोवंडी-देवनार भागाची दाट वस्ती त्यानंतरची आहे. तरीही हार्बर मार्गामुळे गोवंडी या इतिहासाशी बांधली गेली आहे. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी गाडी १८४९ च्या सिनॅगॉगच्या गावातून निघते, गोवंडी व चेंबूर मागे टाकून कुर्ल्याला येते आणि वडाळा, शिवडी, रे रोड, सँडहर्स्ट रोड करीत १७९६ च्या सिनॅगॉगपाशी मशीद स्थानकात पोहोचते. गोवंडीहून रोज या गाडीने जाणाऱ्या हजारो प्रवाशांच्या कानी ‘मशीद’ हे नाव पडते. त्यामागे एका ज्यू सुभेदाराचा नवस असू शकेल, हे त्यांतील फार थोड्यांना माहीत असते.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य बेने इस्राएल तेथे गेले. त्यामागे छळाचे कारण नव्हते, हे या स्थलांतराचे वैशिष्ट्य सर्वत्र नमूद केले जाते. उलट नव्या देशातच त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशचौकशीचे निर्देश काढले. दोन वर्षांच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानण्यात आले. भारतातील ज्यूंची संख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे २६,५०० होती. २०११ मध्ये ती ४,६५० भरली, त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

संख्या घटल्याचा परिणाम भेटीच्या व्यवस्थेवरही होतो. पूर्वी शमाश मंदिरात हजर असे व शेजारी वस्ती समाजाचीच असल्याने कोणीही दार ठोठवावे. नंतर वस्ती पांगली. त्यातच २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र लक्ष्य करण्यात आले व तेथे माणसे मारली गेली. त्यानंतर शहरातील सर्व सिनॅगॉगांभोवती बंदोबस्त आला. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात दफन करण्यास मुंबईतील मुसलमानांच्या विश्वस्त मंडळाने नकार दिला, याची येथे नोंद करणे उचित होईल. शाअर हारहमीमच्या शेजारी मुसलमान वस्ती आहे आणि भायखळ्याच्या मागेन डेव्हिडच्या आवारातील ससून शाळेत मुसलमान विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे. या शेजाराला तडा गेला नाही. परंतु दाराशी पहारा आला, ही वस्तुस्थिती आहे. ‘दयेचे द्वार’ पूर्वपरवानगीने उघडते.

परवानगीसाठी विश्वस्त मंडळाशी किंवा त्याच्या मानद चिटणिसाशी आगाऊ संपर्क साधावा लागतो. पत्रात भेटीचा हेतू, दिवस, वेळ, येणाऱ्यांची संख्या व प्रत्येकाचे नाव द्यावे. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ असावे; परदेशी नागरिकांकडे पारपत्र मागितले जाते. शाळा-महाविद्यालयांच्या गटाने संस्थेच्या पत्रावर विनंती केल्यास काम सुकर होते. छायाचित्रे काढावयाची असल्यास त्याची परवानगी निराळी मागावी. अवजड पिशव्या नेऊ नयेत. मांडवीच्या हातगाड्यांच्या गर्दीतून स्थानकापासून चालत जावे लागते, हेही त्यास एक कारण आहे.

दिवस निवडताना थोडे पंचांग पाहणे आवश्यक आहे. ज्यू दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजला जातो. म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो व शनिवारी रात्री उतरतो. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळही तयारीचा असतो. या काळात अग्नी पेटविणे, लिहिणे, खरेदी-विक्री इ. कामे निषिद्ध असल्यामुळे छायाचित्रण किंवा टिपणे घेणे अनुचित होय. सण चांद्रमासांवर ठरतात. हिंदू पंचांगाप्रमाणेच ज्यू कालगणनेतही अधिक महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील तिश्री महिना सणांचा असून त्यात नव्याचा सण, दारफाळणी व मांडवांचा सण लागोपाठ येतात. त्या दिवसांत पाहुणा म्हणून जाण्याचा आग्रह धरू नये. दारफाळणीला तर मुळीच नाही. रविवार ते गुरुवार यांपैकी एखादी सकाळ सोयीची ठरते.

पुरुषांनी डोके झाकून आत जावे. टोपी, रुमाल काहीही चालते. ईश्वरासमोर मस्तक झाकणे हा आदर होय. स्त्रियांनी खांदे झाकणारा वेष करावा. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकस बसविलेली छोटी डबी दिसते, ती ‘मेझुझा’. तिच्यात शेमाचे वचन लिहिलेले चर्मपत्र असते. आत येणारे ज्यू तिला बोट लावून ते ओठांना लावतात. इतरांनी ही कृती अनुकरण म्हणून करण्याचे कारण नाही. सभागृहाच्या मध्यभागी कठड्याने वेढलेला उंच चौथरा म्हणजे ‘तेबा’. हज्जान तेथे उभा राहून प्रार्थना चालवितो. पश्चिमेकडील भिंतीत ‘हेखाल’ म्हणजे पवित्र कपाट असते. भारतातून जेरुसलेम पश्चिमेस येत असल्याने प्रार्थना त्या दिशेस होते. मुसलमान शेजाऱ्यांची नमाजाची दिशाही पश्चिमच. ‘मशीद’ या नावाला या साम्याचाही आधार मिळाला असावा. हेखालावर पडदा असतो व त्यापुढे अखंड तेवणारा दिवा. सेफेर तोरा आत ठेवलेले असते व प्रार्थनेखेरीज सहसा बाहेर काढीत नाहीत. काढलेच तर उघड्या बोटाने त्यास स्पर्श करावयाचा नसतो, वाचणारा सुद्धा चांदीच्या दर्शकाने ओळ दाखवितो. स्त्रियांसाठी पारंपरिक बेने इस्राएल सिनॅगॉगमध्ये वरच्या सज्जाची योजना असते. एलियाहू हन्नाबीची खुर्ची हे आणखी एक वैशिष्ट्य. सुंतेच्या विधीत प्रेषित एलिजा अदृश्य रूपाने उपस्थित असतो अशी श्रद्धा असून ही खुर्ची त्याच्यासाठी राखलेली असते. ती रिकामी दिसली तरी तीवर बसू नये.

पाहुण्याने माहिती विचारावी, पण दानपेटीत टाकलेल्या पैशांमुळे आपण मार्गदर्शकाच्या सेवेस पात्र झालो, असे समजू नये. ही वास्तू संग्रहालय नाही. सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा प्रौढ पुरुषांच्या गणसंख्येस ‘मिन्यान’ म्हणतात. जुन्या परंपरेच्या सिनॅगॉगमध्ये ती भरल्याशिवाय काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, मृतांसाठीचे ‘कद्दीश’ म्हणता येत नाही आणि सेफेर तोरा हेखालातून काढून वाचता येत नाही. सोमवारी व गुरुवारी सकाळी, तसेच शब्बाथला, हे वाचन विहित आहे. कोकणातील कित्येक सिनॅगॉगांत मिन्यान एरवी जमत नाही. बाहेरगावचे लोक सणाला किंवा लग्नाला आले म्हणजे ती भरते. मुंबईतही नऊ जण येऊन दहाव्याची वाट पाहत बसावे, असे प्रसंग येतात. अशा वेळी भेटीस आलेल्यांपैकी कोणी प्रौढ ज्यू पुरुष असल्यास तो क्षणात पाहुण्याचा मंडळीतील एक होतो. इतरांची गणना त्यात होत नाही. त्यांनी मागच्या बाकावर शांत बसावे, आणि प्रार्थना संपल्यावर आपली भेट पुढे चालू करावी.